कोरडीबाईची चौदा शून्यं

कोरडीबाईच्या खोलीत दुपारचा कुणीतरी पुरुष असतो, ही बातमी केबलच्या कारखान्यात पहिल्यांदा फिरवली ती चहावालीनं. चहावालीचा गाडा रोज सगळ्या खात्यांतून फिरायचा. त्यावरचा चहा वाटेत निवायचा, बातमी मात्र शेवटच्या खात्यापर्यंत वाफाळती राहायची.

"दाराला आतून कडी," ती आवाज खाली आणून सांगायची, म्हणजे तीन यंत्रांपलीकडे ऐकू जाईल इतकाच. "मी गाडा घेऊन दाराशी उभी. आतून हिचा आवाज. 'हलू नकोस, राजा. गप्प उभा राहा. हं, अस्सा.' मग बराच वेळ नुसती गुणगुण. आणि शेवटी म्हणते, 'झालं बाई एकदाचं!'"

"आणि तो काय म्हणतो?"

"तो अवाक्षर काढत नाही."

"म्हणजे लग्न झालेला असणार," म्हातारा फिटर पाना पुसत म्हणाला, आणि त्याला अनुभवी माणूस म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

बातमी पॅकिंगमध्ये पोचेपर्यंत त्या पुरुषाला मिशा फुटल्या होत्या, आणि गोदामात पोचली तेव्हा तो मोटारसायकलवरून यायला लागला होता. त्याला येताना कुणी पाहिलं नव्हतं, जाताना पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाचं वर्णन करायला उलट सोपं पडतं. शिवाय पुरावा होताच. कोरडीबाई आत जायची ती निळ्या कपड्यांत, दाराच्या धुरकट काचेतून तिची आकृती दिसायची ती पांढऱ्यात, आणि बाहेर यायची ती पुन्हा निळ्यात. भर दुपारी, बंद खोलीत कपडे बदलणाऱ्या बाईबद्दल लोकांनी चांगलं बोलायचं तरी कसं?

जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती बाई चाळिशी उलटलेली, काठीसारखी सरळ, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. मिशीवाल्याच काय, बिनमिशीच्या माणसाशीही ती दोन वाक्यांच्या वर बोलत नसे. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "हात कोरडे आहेत का?" नमुना आणणाऱ्याला हे, पगाराच्या कागदावर सही मागायला आलेल्या कारकुनाला हे, आणि एकदा म्हणे कुणाच्या लग्नात नवरदेवानं हात पुढे केला तर त्यालाही हेच. म्हणून ती कोरडीबाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच राहिलं.

तिचं काम सांगायला सोपं आहे. केबलमध्ये तांब्याची तार असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं. तांब्यानं विजेला वाट द्यायची, प्लॅस्टिकनं ती अडवायची. वाट किती मिळाली हे मोजणारे कारखान्यात पुष्कळ होते. अडवली किती, हे मोजणारी कोरडीबाई एकटी. चांगलं प्लॅस्टिक विजेला किती अडवतं, तर एकावर चौदा शून्यं मांडावीत इतके ओहम. एवढा मोठा आकडा मोजायचा म्हणजे जी वीज जवळजवळ जातच नाही ती मोजायची. मुंगीच्या पावलांचा आवाज ऐकून मुंगीचं वजन सांगण्यातला हा प्रकार. तो तिला जमायचा, आणि जमतो हे तिला ठाऊक होतं. आकडा वाचून ती वहीत शून्यं काढायची तेव्हा प्रत्येक शून्य गोल गरगरीत असायचं, एखादी बाई पोळपाटावर लाटी फिरवते तसं. "किती आलं?" असं विचारलं तर ती आकडा सांगत नसे. "चौदा" म्हणायची, नाहीतर "तेरा." बारा म्हणाली की फोरमन यंत्रं थांबवायला धावायचा.

हे प्लॅस्टिक मोठं नाटकी. कोरड्या थंड हवेत ते चौदा शून्यांनी छाती फुगवून बसतं. तेच जरा गरम करा, एखाददुसरं शून्य गळतं. हवा दमट झाली की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते आणि वीज त्या ओलीवरून चोरपावलांनी पलीकडे जाते. म्हणून कोरडीबाई प्लॅस्टिकच्या आधी हवा मोजायची. भिंतीवर दोन तापमापक होते, एकाच्या बुडाला ओलं फडकं बांधलेलं. दोघांत फरक जास्त तर हवा कोरडी, कमी तर दमट. घरी हे काम सासूबाई फुकटात करायच्या. सकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची, "सूनबाई, आज मिठाला पाणी सुटलंय गं, जपून मोज!" कारखान्यातला तापमापक आणि घरातली मिठाची बरणी यांचं सहसा एकमत असे.

बावीस वर्षांत तिच्याकडून एकच मोठी चूक झाली होती, आणि ती तिनंच जगाला सांगितली होती. खोलीत नवीन लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळच्या सुट्टीत खारे दाणे खाल्ले, हात फडक्याला पुसले आणि नमुना उचलून यंत्रात ठेवला. आकडा आला नऊ. अकरा ड्रम, म्हणजे केबल गुंडाळलेली अकरा मोठी चाकं, नापास झाले, यंत्रं थांबली, मिश्रण करणाऱ्यांना बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी तिला तोच नमुना उजेडात धरताना त्याच्यावर बोटाचा ठसा दिसला. मिठाच्या घामाचा तो ठसा दमट हवेत ओला झाला होता आणि विजेनं त्याच्यावरूनच पायवाट काढली होती. नमुना स्पिरिटनं पुसून वाळवला, पुन्हा मोजला. चौदा. हे कुणालाच कळलं नसतं. ती सरळ मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "माल चांगला आहे. बोट माझं वाईट." त्या दिवसापासून तिनं नमुन्याला हात लावला नाही. चिमटा, सुती हातमोजे आणि तो प्रश्न: हात कोरडे आहेत का?

अफवेचं म्हणाल तर ती तिच्या घरापर्यंतही पोचली. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिलाई यंत्र. चार लोकांचे कपडे जिथं येतात तिथं त्यांच्या जिभा आधी येतात.

"काय गं," सासूबाईंनी पानं वाढताना विचारलं, "तुझा तो मिशीवाला कोण?"

"कुठला मिशीवाला?"

"अगं, मोटारसायकलवाला. मला आधी सांगायचंस तरी. शेजारणीकडून कळावं?"

नवऱ्यानं तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. "आई, कपडे बदलते एवढं खरं आहे. तो पांढरा झगा मीच शिवलाय. मिशीवाल्याचं माप मात्र कुणी आणून दिलं नाही."

"आणून देऊ का?" कोरडीबाई म्हणाली.

"दे की. उंच असेल तर कापड जास्त लागेल."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाहेर मात्र त्या शेजारणींना वेगळंच सांगायच्या. "माझी सून वीज अडवते. तुमच्या सुना पाहुणेसुद्धा अडवू शकत नाहीत."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग पुतणेसाहेब आले.

पुतणेसाहेब म्हणजे मालकांचे पुतणे. मालक थकले, काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा रोजचा कारभार या पुतण्याकडे आला. माणूस वाईट नव्हता. पण नव्या सुनेला जसं पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे इकडचे तिकडे करावेसे वाटतात, तसं त्यांचं झालं होतं. केबलच्या प्लॅस्टिकमध्ये थोडी खडूची भुकटी घालतात, ती त्यांनी बदलली. नवी भुकटी स्वस्त होती, दिसायला पांढरीशुभ्र होती. ती घातलेल्या केबलचे साठ ड्रम तयार झाले आणि ते सगळे एका रुग्णालयाच्या धुलाईघरात जायचे होते. धुलाईघर म्हणजे वाफ, गरम पाणी, बारा महिने ओली फरशी आणि तिच्यावर उभी राहून चादरी पिळणारी माणसं.

कोरडीबाईनं नव्या केबलच्या आवरणाचे नमुने मोजले. पहिल्या दिवशी हवा कोरडी होती, आकडा आला चौदा. दुसऱ्या दिवशी घरच्या मिठाला पाणी सुटलं होतं. आकडा आला बारा. तिसऱ्या दिवशी तेरा.

पुतणेसाहेबांनी वही पाहिली. "एकाच केबलचे रोज वेगळे आकडे?"

"हवा रोज वेगळी आहे, साहेब."

"मग हवा नापास करा! केबल कशाला?"

"जुन्या मालाचे आकडे याच तीन दिवसांत चौदाखाली उतरले नाहीत. तीच हवा, तेच यंत्र. नव्या भुकटीत काहीतरी पाणी पिणारं आहे. मी कालच नमुने बरणीत घातलेत. तिथं चार दिवस राहू द्या."

बरणी म्हणजे काचेची मोठी बरणी. तळाशी मीठ आणि पाण्याचा गच्च लगदा, त्याच्या वर जाळी, जाळीवर नमुने. झाकण घट्ट लावलं की आतली हवा एका ठरावीक दमटपणावर येऊन थांबते, शेकडा पंचाहत्तर. बाहेर कडक ऊन असो की धुकं, बरणीत हवा एकच. कोरडीबाईचा या बरणीवर जितका विश्वास होता तितका तिचा जवळच्या नातेवाइकांवरही नव्हता.

"चार दिवस?" पुतणेसाहेब म्हणाले. "शनिवारी माल निघायचाय. तुमच्या सहीशिवाय निघत नाही, म्हणून काकांनी तुम्हाला डोक्यावर बसवून ठेवलंय. लोणचं घालत बसा तुम्ही! शुक्रवारी काका येतायत. तुमचं यंत्र लहरीवर चालतं हे मी त्यांना दाखवतो. मग ही खोली मोकळी करू, रिकामे ड्रम ठेवायला जागा हवीच आहे. तुमची सोय पॅकिंगमध्ये होईल."

कोरडीबाईनं बरणीचं झाकण आणखी घट्ट केलं. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि सासूबाईंनी ती भाजी एक शब्द न बोलता खाल्ली. यावरून काय ते समजावं. खोली गेली तर तिची सही जाणार, सही गेली तर साठ ड्रम जाणार, आणि कुणाच्या तरी पायाखालच्या ओल्या फरशीवर ते जाऊन पसरणार. चारापैकी एक दिवस सरला होता, तीन उरले होते.

बुधवारी ती जेवायला गेली असताना पुतणेसाहेबांनी रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि स्वतःच मोजायला बसले. शिकलेला माणूस, यंत्राची पुस्तिका वाचलेली, बटणं कुठली दाबायची ते ठाऊक. दारावर कोरडीबाईच्या हातची पाटी होती: "आत येण्यापूर्वी विचारा." विचारायचं कुणाला, आत कुणीच नव्हतं. खुंटीवर पांढरा झगा लटकत होता. त्यांनी तो बाजूला सारून तिथं आपली पिशवी अडकवली. अंगात झुळझुळीत नायलॉनचा शर्ट. हवा त्या दिवशी खणखणीत कोरडी.

कोरडीबाई परत आली तेव्हा खोली रिकामी होती आणि वहीत नवी नोंद होती. शाईत, सहीसकट. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तीन नमुने, तीन आकडे. पहिला सतरा शून्यांचा. दुसरा दहा. आणि तिसऱ्याच्या आधी एक ठसठशीत आडवी रेघ: वजा.

तिला हसू फुटलं ते आवरेना. बावीस वर्षांत ती त्या खोलीत मोठ्यानं हसली नव्हती. चहावाली गाडा सोडून धावत दाराशी आली, आणि त्या दिवसापासून मिशीवाला विनोदीही आहे असं सगळ्यांना कळलं.

वजा रोध! म्हणजे प्लॅस्टिक विजेला अडवत तर नाहीच, उलट पदरची वीज घालून वाटेला लावतं. तसं असतं तर जगातली सगळी वीजकेंद्रं बंद करून घरोघरी प्लॅस्टिकची बादली ठेवली असती की भागलं असतं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, नोंद खोडली नाही, पान फाडलं नाही. वहीत खूण घालून वही मिटली.

शुक्रवारी मालक आले. काठीच्या टोकाचं रबर टक् टक् न करता नुसतं दबकत यायचं, म्हणून मालक आले हे लोकांना नेहमी उशिरा कळे. एका यंत्रावर सुरू केलेला कारखाना त्यांनी चाळीस यंत्रांवर नेला होता. ऐकायला आता थोडं कमी यायचं. ते काय ऐकायचं नाही हे ठरवायला त्यांना सोयीचं पडत असे.

"काका, तुम्हीच बघा," पुतणेसाहेब म्हणाले. "मी स्वतः मोजलं. एकदा सतरा, एकदा दहा, एकदा तर वजा. अशा यंत्रावर साठ ड्रम अडवून ठेवायचे?"

"बाई?" मालकांनी फक्त एवढंच विचारलं.

"यंत्र चांगलं आहे," कोरडीबाई म्हणाली. "साहेबांनी केबल मोजलीच नाही."

"मग काय मोजलं मी?"

"शर्ट."

दाराबाहेर चहाच्या पेल्यांचा किणकिणाट थांबला, कारण गाडा दाराला खेटून उभा होता.

तिनं यंत्राच्या दोन गोल चकत्यांमधला नमुना चिमट्यानं काढून घेतला. चकत्या मोकळ्या. "आता आत काही नाही. साहेब, तुम्ही तिथं, खिडकीशी उभे राहा. हात वर करा."

पुतणेसाहेबांनी काकांकडे पाहिलं. काका खिडकीकडे पाहत होते. पुतणेसाहेबांनी हात वर केला. नायलॉन अंगाला घासलं, चर्र झालं, आणि पाच पावलांवरचा काटा टुणकन उडून एका टोकाला गेला. हात खाली आला, काटा दुसऱ्या टोकाला, शून्याच्याही पलीकडे.

"परत एकदा," मालक म्हणाले.

हात वर. काटा उडाला.

"परत."

"काका, कवायत करतोय का मी?"

"कर. डॉक्टरनं तुला सांगितलीच आहे."

कोरडीबाईच्या अंगात तिचा झगा होताच; खुंटीवरचा दुसरा, धुतलेला पांढरा झगा काढून तिनं पुढे केला. "कारखान्याचा निळा गणवेशसुद्धा नायलॉन मिसळलेला आहे. कोरड्या हवेत अंगाला घासला की त्याच्यावर वीज साठते. माणूस नुसता वळला तरी काटा घाबरतो. हा सुती आहे. आमच्या ह्यांनी शिवलाय. शर्ट काढून हा घाला."

पुतणेसाहेबांनी पडद्याआड जाऊन झगा घातला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचला नाही आणि बाह्या कोपरावर अडकल्या. पण हात वर केला, काटा जागचा हलला नाही. दोन्ही हात केले, उडी मारली. काटा गप्प.

मग तिनं बरणी पुढे घेतली. चार दिवस पुरे झाले होते. मालक स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांत धरून.

"आधी बरणीत न घातलेले, कोरडे नमुने," ती म्हणाली. "हा जुन्या भुकटीचा. वीज सोडते. मालक, तुमच्या मनगटावर घड्याळ आहे. बरोबर एक मिनिट झालं की सांगा."

"एक मिनिट कशाला? आकडा दिसतोय की," पुतणेसाहेब म्हणाले.

"दिसतोय, पण थांबलाय का? प्लॅस्टिकला विजेची सवय व्हायला वेळ लागतो. दहाव्या सेकंदाला वाचलं तर एक आकडा, पाचव्या मिनिटाला वाचलं तर दुसरा. सगळ्यांनी एकाच क्षणी वाचायचं ठरवलंय, म्हणून आकडे एकमेकांशी बोलू शकतात."

"झालं मिनिट," मालक म्हणाले.

"चौदा."

नव्या भुकटीचा कोरडा नमुना. मिनिट. "चौदा."

"बघा!" पुतणेसाहेब म्हणाले. "सारखेच!"

"कोरड्यात सारखेच." तिनं बरणीचं झाकण उघडलं, जुन्याचा नमुना चिमट्यानं उचलून झटकन चकत्यांमध्ये ठेवला. मिनिट झालं. "तेरा."

मग नव्याचा. त्या मिनिटात खोलीतला कुणीही हलला नाही. कोरडीबाईचे ओठ तेवढे नेहमीच्या सवयीनं किंचित हलत होते. काटा खाली येत होता, रेंगाळत, लाजत, एकेक घर मागे टाकत.

"झालं," मालक म्हणाले.

"नऊ."

पुतणेसाहेबांनी पुढे होऊन स्वतः काटा वाचला. त्यांनी बोटांवर मोजलं. चौदातून नऊ गेले की पाच. पाच शून्यं म्हणजे लाखपट. कोरड्या खोलीत जो पहारेकरी वाघासारखा दिसत होता, तो चार दिवसांच्या दमटपणात लाख वेळा झोपला होता.

"आणि ही हवा माणसाला सोसण्याइतकी," कोरडीबाई म्हणाली. "धुलाईघरात याहून ओली असते, आणि गरम. गरमीत आणखी शून्यं जातात, ते वेगळंच."

"बोट लागलं असेल," पुतणेसाहेब म्हणाले, पण आवाजात आता पूर्वीचा दम नव्हता. "तुमचं मागे एकदा लागलं होतं, मी ऐकलंय."

"लागलं होतं," ती म्हणाली. "म्हणून प्रत्येकाचे तीन नमुने घातलेत. उरलेले तुम्ही मोजा. चिमटा घ्या. हात कोरडे आहेत का?"

त्यांनी हात झग्याला पुसले, मग चूक लक्षात येऊन हातमोजे घातले. उरलेले सगळे नमुने त्यांनी स्वतः मोजले. तेरा, तेरा. नऊ, नऊ. शेवटचा आकडा त्यांनी वहीत लिहिला तेव्हा शून्यं काढताना त्यांचाही हात सावकाश फिरत होता.

मालक उठले. "ते अकरा ड्रम आठवतात मला," ते म्हणाले. "माझ्या कारखान्यात दुसऱ्याची चूक सांगायला रोज रांग लागते. स्वतःची सांगायला आजवर एकच माणूस आलं. साठ ड्रम परत यंत्रावर घ्या, सोलून काढा, जुनी भुकटी घालून नवं आवरण चढवा. रुग्णालयाला मी फोन करतो, माल दहा दिवस उशिरा येईल म्हणून."

"काका, पण—"

"वजा लिहिणाऱ्यानं आज बोलू नये."

पुतणेसाहेबांचा चेहरा आधी पडला, आणि मग त्यांनाच हसू आलं. आखूड झग्यात उभा राहून फार वेळ रुसता येत नाही. "बाई," ते म्हणाले, "ते पान फाडून टाकता येईल का?"

"नाही साहेब. माझं बोटाचं पानही अजून वहीत आहे. तुमचं त्याच्या शेजारी ठेवते."

तिनं वहीत नापासाची नोंद केली आणि खाली सही केली. ती सही बावीस वर्षं एकाच वळणाची होती. त्या दिवशी मात्र शेवटच्या अक्षराची शेपूट जरा लांब गेली, इतकी की समासात शिरली.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळी हकिगत तिच्याकडून दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी ती शेजारणींना सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यात शून्यं चौदाची वीस झाली होती. आठवड्यानं पुतणेसाहेब शिंप्याच्या दुकानात येऊन उभे राहिले. "सुती झगा हवाय," म्हणाले, "माझ्या मापाचा. त्या खोलीत शिकायला जायचंय." शिंप्यानं माप घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, मिशी ठेवायचा विचार आहे का?" पुतणेसाहेबांना त्यातलं काही कळलं नाही. आतल्या खोलीत सासूबाईंना पुन्हा ठसका लागला.

त्या शुक्रवारी जाता जाता मालकांनी दारात थांबून विचारलं होतं, "बाई, खोलीला काही हवं?"

"घड्याळ," ती म्हणाली. "मिनिटाला घंटा देणारं. डोळे काट्यावर ठेवायचे असतात, घड्याळाकडे बघता येत नाही."

"नाहीये? मग इतके दिवस?"

"होतं. बंद पडलं. अर्ज दिलाय."

"केव्हा?"

"अकरा वर्षं होतील."

सोमवारी घड्याळ आलं. मंगळवारी चहावालीनं दाराला कान लावला, बुधवारी लावला, गुरुवारी लावला. शुक्रवारी तिनं पॅकिंगमध्ये जाऊन जाहीर केलं, "तुटलं म्हणे त्यांचं. आता आत चकार शब्द नाही. बिचारी!" आणि पुढचा आठवडाभर तिनं कोरडीबाईला चहात साखर जास्त घातली.

खोलीत पुरुष कधीच नव्हता. वीज सोडल्यावर आकडा बरोबर एका मिनिटानं वाचायचा असतो. खोलीतलं घड्याळ बंद असल्यामुळे कोरडीबाई रोज गुणगुणत एक ते साठ मोजत असे. राजा म्हणजे यंत्राचा काटा.